बारीक झालीस गं!

गेल्या दिवाळीत मी जाम खुशीत होते. तीन महिन्यांत सात किलो उतरले होते! जिम नाही, डाएट नाही, उलट दुपारी भरपेट जेवून चार वाजता पुन्हा वडापाव. कॉलेजातली जीन्स आरामात चढत होती. जो भेटेल तो तेच म्हणायचा, 'बारीक झालीस गं! काय करतेयस?' मी नुसती हसायचे. फुकटात मिळालेली कॉम्प्लिमेंट कोण परत करतं?

बाकी तक्रारींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. झोप येत नाही? डेडलाइन. सारखा घाम येतो? मुंबई. छाती धडधडते? कॉफी. चिडचिड होते? एडिटर. (हे शेवटचं उत्तर मी अजूनही मागे घेतलेलं नाही.)

मग एका ज्येष्ठ गायिकेची मुलाखत घ्यायला गेले. हातातला कप बशीवर खडखड वाजायला लागला, थांबेचना. बाईंनी शांतपणे कप काढून घेतला आणि म्हणाल्या, 'बाळ, आधी डॉक्टरांना दाखव. मुलाखत काय, नंतरही होईल.'

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. टेन्शन आहे, लग्नाचं वय झालंय, झोपेची गोळी घ्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला. कागद पंख्याखाली असल्यासारखा फडफडत होता. नाडी ११८, तीही बसल्या जागी. पाण्याचा घोट गिळायला लावून गळा पाहिला आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये टीएसएच जवळपास शून्य, टी३ आणि टी४ मात्र चढलेले. म्हणजे हायपरथायरॉइडिझम. मराठीत सांगायचं तर थायरॉइड ओव्हरटाइम करत होती.

आता इथे सगळ्यांचा घोळ होतो. टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड कमी, असं मलाही वाटलं होतं. फंडा ऑफिसचाच आहे. गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी म्हणजे कर्मचारी. मेंदूच्या तळाशी बसलेली पिच्युटरी म्हणजे बॉस. टीएसएच म्हणजे बॉसचा 'काम वाढवा' असा मेल. हार्मोन ओसंडून वाहायला लागले की बॉस मेल पाठवणंच बंद करतो, म्हणून टीएसएच तळाला जातं. माझ्या बाबतीत तरीही काम थांबत नव्हतं, कारण शरीरातल्याच अँटिबॉडीज बॉसच्या नावाने खोटे मेल पाठवत होत्या. याला ग्रेव्हज डिसीज म्हणतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. पुरुषांपेक्षा बायकांना हा कितीतरी जास्त होतो, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना १९९१ मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांनाही झाला. त्यांच्या बायकोला तो आधीच होता!

घरी सांगितल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. 'मलाही थायरॉइड आहे, पण माझं तर वजन वाढलं!' अहो काकू, तुमची सुस्त, माझी सुसाट. तुमची गोळी मला चालणार नाही. कुणी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणून दिल्या. त्यात आयोडीन ठासून भरलेलं असतं, माझ्यासाठी म्हणजे आगीत तेल. केस गळतात म्हणून मी बायोटिनच्या गमीज खात होते, तीही भानगड निघाली. बायोटिनमुळे काही लॅबमधले थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात, नसलेला हायपरसुद्धा दिसू शकतो. टेस्टच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायचं. माझी टेस्ट त्यामुळे पुन्हा करावी लागली. दुर्दैवाने आकडे खरेच होते.

उपचार सुरू झाले. कार्बिमाझोल, आणि सुरुवातीला धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. (दमा असेल तर हे दुसरं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.) कोर्स साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. त्यानंतरही बऱ्याच जणांना ते उलटतं. मग रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन किंवा ऑपरेशन, आणि त्यानंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी कायमची. मूल हवं असेल तर आधीच बोला, गरोदरपणात औषधांचं गणित बदलतं. आणि सुट्टा ब्रेकवाल्या मित्रांनो, ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर आल्यासारखे दिसू शकतात, आणि सिगरेटने ते जास्तच बिघडतात.

डॉक्टरांनी एक गोष्ट मला दोनदा म्हणायला लावली होती. ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी. क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम घटतात. फेब्रुवारीत मला नेमकं तेच झालं. रात्री साडेदहाला लॅब शोधत आम्ही दादर पालथं घातलं. पेशी ठीक होत्या, साधं व्हायरल निघालं. आई रिक्षा नाही मिळाली म्हणून टॅक्सीवाल्याशी भांडली, एवढंच. दादरमध्ये रिक्षा नसते, हे तिला अजून पटलेलं नाही.

आता कबुलीजबाब. तिसऱ्या महिन्यात झोप परत आली, हात स्थिर झाले आणि चार किलोही परत आले. जीन्स कपाटात गेली. मी कुणाला न सांगता दहा दिवस गोळ्या सोडल्या. बारीक राहायला! हृदयाची लय बिघडू शकते, हाडं ठिसूळ होतात, क्वचित थायरॉइड स्टॉर्म येऊन जिवावर बेततं, हे सगळं वाचलेल्या बाईने हे केलं. दहाव्या दिवशी नाडी ११० आणि जिन्यात दम लागला. आई ओरडली नाही. तिने नुसत्या स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्या आणि तारखा कॅलेंडरवर लिहिल्या. त्या दिवसापासून कालनिर्णयवर एकादशीच्या शेजारी माझी टिकमार्क असते.

टी४ आता नॉर्मल आहे. टीएसएच अजून रेंगाळतंय, त्याला वर यायला महिने लागतात म्हणे. त्या गायिकाबाईंची मुलाखत गेल्या आठवड्यात पूर्ण केली. त्यांनी चहा दिला आणि माझ्या हाताकडे बघत बसल्या.