वाघिणीसाठी शांतता, वेदीपुढे खटखटाट

२०२५ सालच्या जानेवारीतील एका रविवारची ही गोष्ट. मराठी मिस्सा आटोपून मी चर्चच्या आवारात आलो तेव्हा मंडळींच्या घोळक्यात मोठ्या तावातावाने चर्चा चालली होती. विषय होता उमरेडची वाघीण. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी अडवून धरली होती. वृत्तपत्रांनी तो प्रकार उचलून धरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालकांवर व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. घोळक्यातील एक गृहस्थ सर्वांत अधिक संतापले होते. "फादर, एका फोटोपायी माणूस एवढा आंधळा होतो का हो? मुक्या प्राण्याला जरा शांतता द्यायला नको?"

मी मान डोलावली. पुढील पंधरवड्यात त्याच गृहस्थांच्या घरचे लग्न मला लावायचे होते.

त्या लग्नात वेदीच्या पायऱ्यांवर तीन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले व दिवा धरणारा एक पोरगा अशी सहा माणसे होती. वधूने वचन उच्चारण्यास आरंभ केला आणि तिन्ही कॅमेरे एकदम सुरू झाले. खट्-खट्-खट्-खट्! मुलीचा आवाज मुळातच हळू. समोर ध्वनिक्षेपक होता. परंतु त्याने तिच्या शब्दांइतक्याच इमानाने कॅमेऱ्यांचा खटखटाटही चर्चभर पोहोचवला. मला तिचे शब्द ऐकू आले नाहीत. आता धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे (कॅनन ११०८) लग्न लावणारा धर्मगुरू हा शोभेचा पाहुणा नव्हे. वधूवरांची संमती विचारणे व धर्मसभेच्या नावाने ती स्वीकारणे हे त्याचे काम आहे. जी मी ऐकलीच नाही ती संमती मी स्वीकारू कशी? मी तिला वचन पुन्हा म्हणावयास सांगितले. बाकांवर हशा पिकला. मुलीचे डोळे भरून आले. आयुष्यात एकदाच उच्चारायचे शब्द तिला दोनदा उच्चारावे लागले. आणि दुसऱ्या वेळीही कॅमेरे थांबले नाहीत.

वाचकहो, या प्रसंगावरून मी छायाचित्रणाचा वैरी आहे असे कोणी समजू नये. सेमिनरीत असताना एका ज्येष्ठ धर्मगुरूंचा जुना याशिका इलेक्ट्रो ३५ माझ्या हाती आला आणि त्या वेडापायी मी माझा तुटपुंजा हातखर्च फिल्मवर उडवला आहे. त्या कॅमेऱ्याचे शटर भिंगातच असे. बारीक पाकळ्या उघडत व मिटत. आवाज काय तो नखाने टिचकी मारावी एवढा. शिवाय एका रोलमध्ये ३६ चित्रे. छत्तिसातले एक वाया गेले तरी जीव हळहळे. त्यामुळे मनुष्य थांबे, पाही आणि मगच बोट दाबी. आज एका लग्नाची तीन-तीन हजार चित्रे निघतात. ती पुढे कोण पाहतो, हे त्या हार्ड डिस्कलाच ठाऊक.

माझे म्हणणे एवढेच आहे की, चर्चमधील हा आवाज आज अपरिहार्य राहिलेला नाही. तो आपण निवडलेला आवाज आहे, आणि त्यासाठी आपण पैसे मोजतो.

हा आवाज येतो कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. ज्याला डीएसएलआर म्हणतात त्या कॅमेऱ्यात भिंगामागे तिरपा आरसा असतो. बोट दाबताच तो आरसा वर आपटतो, शटरचे पडदे धावतात, आरसा पुन्हा खाली येतो. सेकंदाला आठ-दहा चित्रे काढली म्हणजे आठ-दहा वेळा ही आदळआपट होते. दगडी भिंतींच्या व उंच छताच्या वास्तूत तो आवाज किती घुमतो हे मी सांगावयास नको. गायनवृंदाला जी घुमणारी वास्तू वरदान वाटते, तीच येथे शाप ठरते.

यावर उपाय पूर्वीही होते. सिनेमाच्या सेटवरील स्थिरचित्रकार ध्वनिमुद्रणात व्यत्यय नको म्हणून आपला कॅमेरा आवाज शोषणाऱ्या पेटीत बंद करीत. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे थोर फ्रेंच छायाचित्रकार लायका वापरीत. त्यात उडणारा आरसाच नाही आणि शटरचे पडदे कापडी. त्याचे चकाकणारे भागही ते काळ्या पट्टीने झाकून टाकीत, जेणेकरून कोणाचे लक्ष वेधले जाऊ नये. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेची जी चित्रे त्यांनी टिपली ती जगभर पोहोचली. शोकात बुडालेल्या लोकांमध्ये वावरताना आपले अस्तित्व जाणवू न देणे हा त्यांच्या कलेचाच भाग होता.

मग २००८ पासून भिंग बदलता येणारे मिररलेस, म्हणजे आरशाविना चालणारे कॅमेरे बाजारात आले. २०१७ साली सोनी कंपनीचा ए-९ आला, तो सेकंदाला वीस चित्रे काढी आणि आवाज शून्य. त्याचे स्वागत कोणी केले असेल? गोल्फच्या मैदानावरील छायाचित्रकारांनी. खेळाडू फटका मारीत असता कॅमेऱ्याचा आवाज करणे तेथे निषिद्ध आहे. २०२१ च्या निकॉन झेड-९ मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. एका चेंडूसाठी ही तपश्चर्या! आपल्याकडे ताडोबात जाणारी मंडळीही चितळाचा वा वानराचा इशारा कानी यावा म्हणून श्वास रोखून बसतात. चालक इंजिन बंद करतो. लहान मुलेसुद्धा गप्प होतात. ही माणसे शांत राहू शकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, फादरांना तंत्र काय कळते! म्हणून चार गोष्टी तपशिलाने सांगतो. मिररलेस घेतला म्हणजे आवाज गेला, हा एक भ्रम आहे. त्यातही बहुधा यांत्रिक शटर असतेच आणि ते चांगले खणखणीत वाजते. 'इलेक्ट्रॉनिक शटर' किंवा 'सायलेंट' ही सोय मुद्दाम सुरू करावी लागते. ती सुरू केली की फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांत चालत नाही; माझ्या मते ही तिची उणीव नसून दुसरी कृपा आहे. मात्र तिचा एक खरा दोष आहे. प्रकाशाची नोंद ओळीओळीने घेतली जात असल्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात, कारण ते दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकत असतात. आपली वीज ५० हर्ट्झची. तेव्हा शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा वा शंभरावा भाग ठेवला की बहुतेक पट्टे नाहीसे होतात. वेगाने हलणारी वस्तूही तिरपी दिसू शकते, पण वेदीपुढे गुडघे टेकलेले वधूवर म्हणजे काही धावत सुटलेले गोलंदाज नव्हेत. उजेड कमी पडत असेल तर एफ १.८ सारखे मोठ्या तोंडाचे भिंग लावावे. ज्याच्याकडे जुना डीएसएलआरच आहे त्याने निदान 'क्वाएट' ही मंद चाल निवडावी, एका वेळी एकच चित्र घ्यावे, फोकस झाल्याची 'पीं-पीं' बंद करावी आणि गीत चालू असता चित्र काढावे, मौनात नव्हे. हे करण्यास एक पैसाही लागत नाही.

आणि तरीही ते होत नाही. का होत नाही, याचे उत्तर मला एका तरुण छायाचित्रकाराने दिले. त्याच्यापाशी सर्वथा निःशब्द चालणारा कॅमेरा होता. परंतु त्यातील कृत्रिम 'खटक्' आवाज त्याने मुद्दाम चालू ठेवला होता. मी कारण विचारले. तो म्हणाला, "फादर, आवाज आला नाही तर पार्टीला वाटतं, मी कामच करत नाही."

मी त्या पोरावर रागावणार होतो, पण रागावू शकलो नाही. दोष त्याचा नाही. ज्या घरांनी त्याला बोलावले त्यांना चित्रे तर हवीच आहेत, परंतु त्याहून अधिक हवा आहे तो चित्रे काढली जात असल्याचा देखावा. चार फोटोवाले, झगझगाट, खटखटाट, म्हणजे लग्न मोठे. ज्या आवाजाला यंत्राने निरोप दिला, त्याला आपली हौस परत बोलावून आणते आहे.

"रस्त्यावरचे भोंगे नि डीजे चालतात, मग एका क्लिकचेच काय?" असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. भोंगा बाहेरचा आहे; तो कोणी आमच्या वतीने वाजवीत नाही. कॅमेरा आम्ही आत आणतो, वेदीपाशी उभा करतो. दुसरा आक्षेप गरीब छायाचित्रकाराच्या पोटाचा. तो मला मान्य आहे, म्हणूनच बिनखर्चाचे उपाय वर सांगितले. परंतु मंडप, बँड, लग्नाआधीच्या शूटिंगसाठीचे प्रवास यांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या घरांनी गरिबाची ढाल पुढे करू नये.

आणि हा काही माझ्या कानांचा लहरीपणा नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात योग्य वेळी पवित्र मौन पाळण्यास सांगितले आहे. २५ मे १९६७ च्या 'एउखरिस्तिकुम मिस्तेरियुम' या निर्देशपत्रात तर कलम २३ खास छायाचित्रणावरच आहे: मिस्सात त्यामुळे व्यत्यय येऊ नये, सबळ कारण असेल तरच व अत्यंत संयमाने ते व्हावे, आणि स्थानिक महागुरूस्वामींचे नियम पाळले जावेत. साठ वर्षे होत आली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पुन्हा कळवळून सांगितले की, धर्मगुरू अंतःकरणे वर उचलण्यास सांगतो, मोबाईल नव्हे. आणि ते मोबाईल उचलणाऱ्यांत धर्मगुरू व बिशपही असतात, हेही सांगावयास ते कचरले नाहीत. होरेब पर्वतावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. तो भेटला त्यानंतरच्या अगदी सूक्ष्म चाहुलीत. ती चाहूल खटखटाटात कोणाला लागणार?

लग्नाचे एक वेळ सोडून देऊ. दोन वर्षांपूर्वी एका तरुणाच्या अंत्यविधीत ख्रिस्तप्रसादानंतर मी मौनास बसलो. त्याची आई पहिल्या बाकावर होती. तीन दिवसांत ती बाई रडली नव्हती. त्या मौनात तिचा पहिला हुंदका फुटला, आणि तत्क्षणी डाव्या खांबामागून खटाखट आवाज आला. तिने चमकून मान वळवली, पदर तोंडावर ओढला, आणि तो हुंदका तेथेच गिळला. नंतर कबरस्तानातही ती रडली नाही. तो फोटोवाला नातेवाइकांनीच बोलावला होता. परदेशातल्या भावाला चित्रे पाठवायची होती. हेतू वाईट नव्हता. पण त्या आईचे जे हिरावले गेले ते कोणत्या अल्बममधून परत मिळणार?

येथे मला माझ्याच प्रतिपादनाला एक छेद द्यावा लागतो. त्या दिवशी खांबामागे निःशब्द कॅमेरा असता तर ती माउली मोकळी रडली असती, हे खरे. परंतु तिचे उघडे दुःख तिच्या नकळत टिपलेही गेले असते. आवाज हा निदान एक इशारा होता, जंगलातल्या चितळाच्या हाकेसारखा. तो गेल्यावर आवर घालणारे काहीच उरत नाही. म्हणून शांत कॅमेरा ही पहिली अट आहे, एकमेव नाही. पापनिवेदनाच्या जागेकडे, आराधनेत एकट्या बसलेल्या माणसाकडे, शोकाकुलांच्या चेहऱ्याकडे भिंग वळवायचे नाही, मग ते कितीही निःशब्द असो.

यात धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे आणि तो मी माझ्यापासून मोजतो. लग्नघर नाराज होईल, देणगीदार रुसेल, 'फादर कडक आहेत' अशी कुजबुज होईल, या भीतीने मी वर्षानुवर्षे गप्प बसलो. त्या मुलीला वचन पुन्हा म्हणावयास सांगण्याऐवजी मी तिन्ही कॅमेरे खाली ठेवावयास सांगायला हवे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही. हशा तिच्या वाट्याला आला.

आता आमच्या धर्मग्रामात लग्नाच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे: छायाचित्रकार कोण, कॅमेरा कोणता, आवाज बंद होतो की नाही. आत एकच फोटोवाला व एकच व्हिडिओवाला, आणि त्यांची जागा ठरलेली. धर्मग्राम मंडळाने एक जुना पण निःशब्द चालणारा मिररलेस कॅमेरा विकत घेऊन ठेवला आहे. ज्या छायाचित्रकाराला परवडत नाही त्याला तो विधीपुरता मिळेल, चित्रांचे कार्ड त्याचे त्याने आणावे. कॅमेऱ्याची परीक्षा मी स्वतः घेतो. फोटोवाला वेदीपाशी उभा राहून दहा चित्रे काढतो, मी शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसतो. एकही ऐकू आले नाही, तर अर्जावर सही. जानेवारीत ज्यांच्या घरी लग्ने आहेत त्यांनी आपल्या छायाचित्रकारास नाताळपूर्वीच घेऊन यावे. शक्यतो दुपारी तीनच्या सुमारास, तेव्हा रस्त्यावरची रहदारी कमी असते.