लंडन-पॅरिस अंतर ३४८ किलोमीटर, मग विमानाला सव्वा तास का लागतो?

लंडन ते पॅरिस विमानाने किती वेळ लागतो? मोबाइलवर हा प्रश्न टाकला की काही संकेतस्थळे सरळ भागाकार करून मोकळी होतात. हीथ्रो आणि शार्ल द गॉल या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ३४८ किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी साडेआठशे किलोमीटर, म्हणजे २५ मिनिटे! तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा जास्तच वेळ असतो.

भागाकार चुकतो कुठे?

साडेआठशेचा वेग हा दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा. एवढ्या छोट्या मार्गावर विमान वर पोहोचते न पोहोचते तोच उतरायला लागते. दहा हजार फुटांखाली साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास मर्यादा असते. हीथ्रोवर गर्दी असेल तर घिरट्या वेगळ्याच. त्यामुळे हवेतच पाऊण तास जातो. उरलेला वेळ जमिनीवरचा, गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि धावपट्टीपासून पुन्हा गेटपर्यंत.

त्यात घड्याळाची गंमत. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. सकाळी ९ला लंडनहून निघालेले विमान ११.२०ला पॅरिसला पोहोचते आणि पॅरिसहून ११ला निघालेले लंडनला ११.२०लाच!

वेळापत्रकात कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. गर्दीच्या विमानतळांवर ते समजण्यासारखे आहे. पण उशीर मोजला जातो तो याच वेळापत्रकावरून. मोकळीक जितकी जास्त, तितके विमान 'वेळेवर'. याचा फायदा प्रवाशापेक्षा कंपनीला अधिक.

विमान 'पोहोचले' कधी म्हणायचे?

हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गहून जर्मनीतील कोलोन-बॉनला जाणारे जर्मनविंग्सचे विमान उशिरा निघाले. चाके धावपट्टीला टेकली तेव्हा उशीर होता २ तास ५८ मिनिटे. जागेवर उभे राहिले तेव्हा ३ तास ३ मिनिटे. युरोपीय महासंघात तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, की १,५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाई मिळते. म्हणजे सगळा खेळ पाच मिनिटांचा. चाके टेकली ती वेळ धरा, असे कंपनीचे म्हणणे. महासंघाच्या न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१४ रोजी ते फेटाळले. विमानाचे किमान एक दार उघडते आणि प्रवाशांना उतरता येते, तीच पोहोचण्याची वेळ, असा निकाल दिला. तोवर प्रवासी बंद जागेत अडकलेलाच असतो, हे त्यामागचे कारण. निकाल अगदी रास्त आहे. संकेतस्थळांनीही भागाकाराऐवजी दार उघडेपर्यंतचा वेळ सांगायला हवा.

पॅरिसहून निघणाऱ्या विमानाला महासंघाचा हा नियम लागू होतो, लंडनहून निघणाऱ्याला ब्रिटनचा तसाच कायदा. खराब हवामानासारख्या असाधारण कारणांसाठी मात्र भरपाई मिळत नाही. प्रवाशाचे नागरिकत्व कोणते, याचा संबंध नाही. युरोप सहल आटोपून पॅरिसहून मुंबईला निघालेल्या मराठी कुटुंबालाही हा हक्क आहे, आणि ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत रक्कम मिळू शकते. विमान उशिरा पोहोचले तर दार उघडताच वेळ दिसेल असा एक फोटो काढावा आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा.