ट्रॅक्टरचाही पोळा करा

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. भीमेकाठच्या एका गावात आम्ही रात्रीची बैठक आटोपून जेवायला बसलो होतो. उसाच्या पहिल्या उचलीवर दोन तास घसा कोरडा केला होता. तेवढ्यात एक पोरगा धावत आला. फाट्याजवळ उसाची ट्रॉली उभी होती आणि मागून मोटारसायकल तिच्यात घुसली होती. आम्ही पोचलो तेव्हा मोटारसायकलवरचा मुलगा गेलेला होता. वय एकवीस. बाप दोन एकरांचा धनी, आमच्या प्रत्येक मोर्चाला आलेला. आणि ट्रॉली कोणाची? आमच्याच एका कार्यकर्त्याची. घटकाभरापूर्वी तो बैठकीत आमच्या शेजारी मांडी घालून बसला होता.

टायर फुटला म्हणून ड्रायव्हरने चाकाला दगड लावून ट्रॉली कडेला सोडली होती आणि ट्रॅक्टर घेऊन तो पंक्चरवाला शोधायला गेला होता. ट्रॉलीच्या मागे ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. अशा भरलेल्या ट्रॉलीवरून उसाचे वाढे खाली लोंबते, अंधारात ते रस्त्याकडेच्या झुडपासारखे दिसते. काही शे रुपयांची पट्टी लावली असती तर ते पोर वाचले असते.

त्याच कार्यकर्त्याच्या शेतावर आम्ही त्या साली ऑगस्टमध्ये गेलो होतो. उसाची पाने उलटी करून पाहिली, माती हातात घेतली, पालाशाचा हप्ता केव्हा द्यायचा ते सांगितले. ट्रॉली गोठ्याशेजारी उभी होती. तिच्याकडे आम्ही ढुंकूनही पाहिले नाही. शेतीची पदवी घेतलेल्या आम्हा शहाण्यांची ही तऱ्हा. म्हणून जिल्हा बैठकीच्या या अंकात उसाचा भाव बाजूला ठेवून गाडीच्या पासिंगवर लिहीत आहोत.

काही मित्र लगेच म्हणतील, आयुष्यभर इन्स्पेक्टराच्या नावाने बोटे मोडलीत आणि आता त्याच्याच दारात लोकांना पाठवता? आमचे म्हणणे तसे नाही. कागदावर शिक्का मारून घेणे आणि गाडी तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारची गरज आहे, दुसरी आपली. दुसरी आपण केलीच नाही, म्हणून पहिलीचे ओझे आपल्या डोक्यावर बसले.

कोणती गाडी, किती दिवसांनी

आधी नियम समजून घ्या, म्हणजे एजंटाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे भाड्याने माल किंवा माणसे वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. ट्रक, टेंपो, दुधाची गाडी, कांदा नेणारी पिकअप, सगळ्या त्यात आल्या. नव्या गाडीचा दाखला दोन वर्षांचा. पूर्वी पुढे दर वर्षी पासिंग करावे लागे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम बदलला. आता आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दाखला दोन वर्षांचा मिळतो आणि आठ वर्षे उलटली की दर वर्षी पासिंग. आपल्याकडच्या गाड्या बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या असतात. म्हणजे व्यवहारात आपल्यापैकी पुष्कळांना पासिंग वर्षाचेच आहे.

दाखला संपलेली गाडी कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेली गाडी ठरते. पहिल्या खेपेला दंड दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत. पण खरा फटका दंडाचा नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा दाखल्याची तारीख पाहते. तारीख गेलेली असली की ती हात वर करते, खटला वर्षानुवर्षे चालतो आणि शेवटी सातबाऱ्यावर बोजा चढण्याची पाळी येते.

उशिराचाही हिशोब आहे. डिसेंबर २०१६ च्या नियमांनी दाखला संपल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा लावले. सहा महिने गाडी दारात पडून राहिली तर नऊ हजार रुपये झाले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात ही वसुली जोराने सुरू झाली तेव्हा रिक्षावाले आणि टेंपोवाले रस्त्यावर आले आणि जुलैमध्ये सरकारला स्थगिती जाहीर करावी लागली. चालणाऱ्या गाडीला दंड एक वेळ समजू. बंद पडलेल्या गाडीला रोजचा दंड हे कुठले शहाणपण?

कुठे जायचे

दौंडची गाडी बारामतीच्या कार्यालयाखाली येते. नंबर एमएच ४२. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. शिरूर पुण्याकडे, नंबर एमएच १२. पुण्याच्या कार्यालयाने मोठ्या गाड्यांच्या तपासणीसाठी दिवे येथे मार्ग केला. म्हणजे न्हावऱ्याच्या किंवा मांडवगणच्या माणसाने रात्रीच निघावे, पुण्याची गर्दी चुकवावी, हडपसर ओलांडून दिवे घाट चढावा आणि रांगेत लागावे. एखादा दिवा पेटला नाही की गाडी नापास. पुन्हा तारीख, पुन्हा डिझेल, पुन्हा बुडालेली भाड्याची खेप.

हे असे का झाले तेही ठाऊक असावे. पूर्वी कार्यालयाच्या आवारात गाडी उभी करून, कधी कधी न पाहताच, दाखला मिळायचा. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की ब्रेक तपासायला २५० मीटरचा मार्ग हवाच. असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतली तपासणी २०१७ च्या अखेरीस थांबली. न्यायालयाचे काय चुकले? उभ्या गाडीचा ब्रेक कळत नाही. चुकले सरकारचे. मार्ग मोजक्या ठिकाणी केले आणि खेड्यातल्या माणसाला तिथवर पळवले.

अर्ज आणि तारीख आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून मिळते. तपासणीचे ठिकाण तारखेच्या कागदावर छापलेले असते. ते वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. नोंदणीचा कागद, विमा, कराची पावती आणि पीयूसी बरोबर ठेवा. आणि निघण्याआधी गावच्या मिस्त्रीकडून एवढे पाहून घ्या: सगळे दिवे, हेडलाइटचा झोत, हॉर्न, आरसे, वायपर, काच, स्टीअरिंगमधला खेळ, ब्रेक, टायर, धूर, मागच्या-पुढच्या चकाकत्या पट्ट्या. मार्गावरही हेच पाहतात. घरी एक तास घातला तर दुसरी खेप वाचते.

केव्हा जायचे

दाखल्याची तारीख काहीही असो, उसाला जाणाऱ्या गाडीचे काम गव्हाणीत मोळी पडण्याआधी संपलेले असले पाहिजे. दसरा-दिवाळी जवळ आली की सगळे एकदम जागे होतात. तोडीचे करार झालेले, टोळी दारात येऊन बसलेली, तारीख मात्र मिळत नाही. मग माणूस म्हणतो, चालू दे तशीच, हंगाम संपला की बघू. हंगामाचे पाच महिने गाडी रात्रंदिवस तशीच चालते.

आपल्या भागात पोळा भाद्रपदी अमावास्येला असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे, तेही हात फिरवून. त्या हाताला खांदा सुजला आहे का, जूं कुठे घासते, खूर कसा आहे, ते सगळे कळायचे. पुढे हंगामभर ओझे ओढायचे आहे, तर आधी जनावर धड आहे ना, हे पाहायची ती रीत होती. बैल गेला, ट्रॅक्टर आला. पोळ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, नारळ फोडतो, गुलाल उधळतो. खांदेमळणी तेवढी विसरलो. आमचे म्हणणे इतकेच की पासिंगचा महिना पोळ्याचा धरा. अमावास्येच्या आत गाडी मिस्त्रीच्या हाताखालून गेली पाहिजे आणि तारीख घेतलेली पाहिजे.

कायद्याने सोडलेली ट्रॉली

आता मुद्द्याच्या गाठीशी येऊ. शेतीचा ट्रॅक्टर केंद्रीय नियमांत वाहतुकीची गाडी धरलेला नाही. त्याची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. शेतकऱ्याला ही सवलत मिळाली ती योग्यच आहे. नांगरटीच्या ट्रॅक्टरला दर वर्षी दिवे घाट चढवायचे काही कारण नाही.

पण तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून, पंधरा-वीस टन ऊस घेऊन, रात्री दोन वाजता सोलापूर रस्त्यावर उतरतो तेव्हा तो शेतात नसतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन-अडीच टन. मागच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उतारावर मागचे ओझे पुढच्याला ढकलते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. हा हिशोब ड्रायव्हरला कोणी सांगितलेला नसतो. त्याच्या कानाशी टेप लावलेला, डोळ्यांवर झोप आणि मागे काय चालले आहे याचा पत्ता नाही. पुष्कळ ट्रॉल्यांची नोंदणी नाही आणि नोंदणी नाही म्हणून विमाही नाही. शिवाय भाड्याने ऊस वाहिला की ही शेतीची वाहतूक नव्हे, धंद्याची आहे, असा वाद विमा कंपनी उभा करते. म्हणजे सवलत कागदावर राहते आणि भरपाईच्या वेळी उलटून अंगावर येते.

घोडगंगा बंद राहिलेल्या हंगामांत शिरूरचा ऊस पाटेठाण, आलेगावच्या बाजूला, नदी ओलांडून गेला. कारखाना लांब गेला की रस्त्यावरचे तास वाढतात. कारखान्याचे गणित चुकले तर त्याची किंमत शेतकरी भावात मोजतो, आणि कधी कधी रस्त्यावर पोराच्या जिवाने. हंगामाच्या तोंडाला कारखान्याच्या आवारात पट्ट्या लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. चिखलाने ती पट्टी आठ दिवसांत झाकली जाते. रोज गाडी भरण्याआधी फडक्याने ती पुसणारा माणूस हवा. तो सरकार देणार नाही.

विलायतेतली रीत

इंग्लंडात मोटारीची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली, तीही दहा वर्षांवरच्या गाड्यांसाठी. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवरच्या गाड्यांना लागू झाली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की तिथे ही तपासणी बहुतांशी गावोगावच्या परवानाधारक गॅरेजांत होते. सरकार गाड्या तपासत नाही, गाड्या तपासणाऱ्याला तपासते. मुदत संपायच्या आधी महिनाभरात गाडी दाखवली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. लवकर येणाऱ्याचे नुकसान होत नाही.

आपल्याकडे कलम ५६ मध्येच अधिकृत तपासणी केंद्राची सोय आहे. २०२१ मध्ये केंद्राने यंत्रावरच्या तपासणी केंद्रांचे नियमही केले. अशा केंद्रांतूनच पासिंग, असे ठरवून जड गाड्यांसाठी आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख दिली, मग ती १ ऑक्टोबर २०२४ वर ढकलली. यंत्र आले तर आम्हाला आनंदच आहे. यंत्र चहापाणी मागत नाही. पण ते केंद्र फक्त शहराच्या वेशीवर उभे राहणार असेल तर शिरूर-दौंडच्या माणसाची पायपीट तशीच राहील, फक्त फी वाढेल.

बैठकीपुढे

शेतकरी भावांनो, येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवत आहोत.

एक, शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी तपासणीचा मार्ग व्हावा. २५० मीटरचा सरळ तुकडा दोन्ही तालुक्यांत मिळत नाही, हे आम्हाला कोणी सांगू नये. तो होईपर्यंत पोळ्याच्या महिन्यात दोन्ही तालुक्यांतल्या गाड्यांना खास तारखा राखून ठेवाव्यात.

दोन, कारखान्याने वाहतुकीचा करार करताना उचल देण्याआधी गाडीचे आणि ट्रॉलीचे दिवे, पट्ट्या, जोडाचा खटका आणि विमा पाहावा. ट्रॉलीच्या नोंदणीसाठी आणि दिव्यांसाठी उचलीतली पहिली रक्कम राखून ठेवावी.

तीन, बंद पडलेल्या गाडीवर रोजचा दंड नको. स्थगितीवर आम्ही समाधानी नाही. नियमच बदलला पाहिजे.

चार, आणि ही मागणी आमची आमच्याकडेच आहे. संघटनेच्या बैठकीला जो कोणी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन येईल त्याची ट्रॉली आधी मागून पाहिली जाईल. लाल दिवा पेटला नाही तर तो बैठकीला बसेल, पण ट्रॉली अंधारात परत जाणार नाही. सकाळपर्यंत तिथेच उभी राहील, रस्त्यापासून लांब.

पहिल्या तीन गोष्टींसाठी भांडावे लागेल आणि ते आपल्याला जमते. चौथीसाठी कोणाशी भांडायचे नाही, म्हणूनच ती अवघड आहे. तो कार्यकर्ता अजून आमच्याबरोबर आहे. तो बैठकीत बोलत नाही. हंगाम लागला की संध्याकाळी फाट्यावर उभा राहतो, बरोबर पट्ट्यांची गुंडाळी आणि एक फडके. येणारी प्रत्येक ट्रॉली थांबवतो. कोणी शिव्या देतो, कोणी थांबतो. त्या मुलाचा बाप कधी कधी त्याच्याशेजारी येऊन उभा राहतो. दोघे एकमेकांशी काय बोलतात ते आम्ही विचारलेले नाही.