हवी ती बातमी

३ नोव्हेंबर २०२०. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मोजणी सुरू होती. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली असताना फॉक्स न्यूज या वाहिनीने अ‍ॅरिझोना राज्य जो बायडेन यांच्या खात्यात टाकले. इतर वाहिन्या अजून थांबल्या होत्या. फॉक्सच्या निकाल-कक्षातल्या आकडेतज्ज्ञांना आपल्या हिशेबाची खात्री होती आणि तो शेवटी बरोबर निघाला, अवघ्या १०,४५७ मतांनी का होईना. पण या वाहिनीचा प्रेक्षक बहुसंख्येने डोनाल्ड ट्रम्प यांचा. त्याला ही बातमी सहन झाली नाही. पुढच्या काही दिवसांत तो न्यूजमॅक्ससारख्या छोट्या वाहिन्यांकडे वळू लागला आणि फॉक्सच्या वरिष्ठांमध्ये घबराट पसरली.

त्यानंतर आतमध्ये काय घडले ते एरवी कुणाला कळले नसते. मतदान यंत्रे पुरवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने वाहिनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तिथल्या लोकांनी एकमेकांना पाठवलेले संदेश न्यायालयासमोर आले. यंत्रांनी मते फिरवल्याच्या आरोपात तथ्य नाही, हे नामांकित सूत्रसंचालक खासगीत बोलत होते. पडद्यावर मात्र तोच आरोप करणाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावले जात होते. वाहिनीच्याच एका वार्ताहर महिलेने ट्रम्प यांच्या दाव्यातली चूक दाखवली, तेव्हा तिला काढून टाकायला हवे, शेअरचा भाव उतरतो आहे, अशा अर्थाचा निरोप एका सूत्रसंचालकाने दुसऱ्याला धाडला. अ‍ॅरिझोनाच्या निर्णयाचे जाहीर समर्थन करणारे राजकीय संपादक ख्रिस स्टायरवाल्ट यांची नोकरी जानेवारी २०२१ मध्ये गेली. एप्रिल २०२३ मध्ये खटला सुरू होण्याच्या बेतात असताना फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले.

वाहिनी खोटे बोलली आणि मालकांनी पैशाकडे पाहिले, असे म्हणून या प्रकरणाची फाइल बंद करता येते. बहुतेकांनी ती तशीच केली. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट अधिक अस्वस्थ करते. त्या संदेशांतून पुन्हा पुन्हा डोकावते ती प्रेक्षकाची भीती. खरी बातमी आधी दिली गेली होती. ती ऐकून घराघरांतला रिमोट दाबला गेला आणि मग खोट्याला पाहुणचार मिळाला. प्रसारमाध्यमे लोकांना फसवतात हे आपण सगळेच म्हणतो. लोक आपल्या माध्यमांना बिघडवतात, हे म्हणणारे कमी.

हे फक्त एका बाजूच्या प्रेक्षकांना लागू आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २०२४ चे पहिले सहा महिने आठवावेत. बायडेन ८१ वर्षांचे होते. फेब्रुवारीत विशेष वकील रॉबर्ट हर यांच्या अहवालात त्यांच्या कमकुवत स्मरणशक्तीचा उल्लेख आला. त्यावर चर्चा झाली ती हर हे रिपब्लिकन असल्याची. डेमोक्रॅटिक पक्षातून डीन फिलिप्स हे मिनेसोटाचे खासदार वयाचाच मुद्दा घेऊन उमेदवारीसाठी उभे राहिले होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही आणि मार्चमध्ये त्यांनी माघार घेतली. ४ जूनला वॉल स्ट्रीट जर्नलने बंद दाराआडच्या बैठकांत बायडेन कसे थकलेले दिसतात याचा सविस्तर वृत्तान्त छापला. हे वृत्तपत्र मर्डोक कुटुंबाचे, म्हणजे फॉक्सच्याच मालकांचे. उदारमतवादी वाचकांना तेवढे कारण पुरले. मग २७ जूनच्या रात्री अटलांटातल्या वादचर्चेत जे दिसायचे ते साऱ्या देशाला दिसले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळाने बायडेन यांना शर्यतीतून बाजूला होण्याचे आवाहन केले. २१ जुलैला ते बाजूला झाले, तेव्हा मतदानाला १०७ दिवस उरले होते. त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिस यांना पक्षांतर्गत निवडणुकीत एकाही राज्याच्या मतदाराने तपासून पाहिलेले नव्हते.

वृत्तस्रोत निवडताना निःपक्षपातीपणाचा दाखला मागून उपयोग नाही. तो प्रत्येकाकडे छापून तयार असतो. त्यापेक्षा एक साधी चाचणी अधिक कामाची आहे. तुम्हाला आवडणाऱ्या उमेदवाराबद्दल तुम्हाला नको असलेली, पण पुढे खरी ठरलेली बातमी या स्रोताने शेवटची कधी दिली? आठवत नसेल, तर तो स्रोत बातमीदारी करतो आहे की सोबत देतो आहे, याचा विचार करावा. आणि अशी बातमी दिली तेव्हा आपण काय केले, हेही आठवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने कुणालाही पाठिंबा न देण्याचे ठरवल्यावर अडीच लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी रद्द केली. मालक जेफ बेझोस यांचा तो निर्णय मलाही संशयास्पद वाटतो. पण अग्रलेखावरच्या रागाची शिक्षा बातमीदारांच्या पगाराला होते, हा हिशेब रद्द करणाऱ्यांपैकी किती जणांनी मांडला असेल?

छोट्या वृत्तपत्रांची गोष्ट याहून वाईट आहे. २००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. त्यांच्याबरोबर उमेदवाराला तो मोठा होण्याआधीपासून ओळखणारा बातमीदार गेला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर जॉर्ज सँटोस नावाचे गृहस्थ संसदेसाठी उभे होते. त्यांच्या संपत्तीच्या आकड्यांत काहीतरी गोलमाल आहे, हे नॉर्थ शोअर लीडर या स्थानिक साप्ताहिकाने मतदानापूर्वीच छापले होते. कुणी दखल घेतली नाही. सँटोस निवडून आल्यावर डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्यांचे शिक्षण, नोकऱ्या, सगळेच बनावट असल्याचे उघड केले आणि वर्षभराने सभागृहाने त्यांची हकालपट्टी केली. देशातल्या सर्वांत जास्त पत्रकारांच्या शहराला लागून असलेल्या मतदारसंघात हे घडले, हे विशेष.

उमेदवाराची माहिती अशी आटत जाते आणि तिची जागा शर्यत घेते. कोण पुढे, कोण मागे. मतदानपूर्व चाचण्या उपयोगी आहेत, पण ताप दर तासाला मोजल्याने रोगाचे निदान होत नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या गणिताने हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ८५ टक्के सांगितली होती, फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने ७१ टक्के. वाचकांनी दोन्ही आकडे निकालासारखे वाचले. ७१ टक्क्यांचा अर्थ शंभरात एकोणतीस वेळा पराभव असा होतो, आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी तो झाला. राज्यपातळीवरच्या अनेक चाचण्यांत पदवी नसलेल्या मतदारांचे प्रमाण पुरेसे धरलेच नव्हते. २०२४ मध्ये आयोवात वर्षानुवर्षे अचूक ठरलेल्या अ‍ॅन सेल्झर यांच्या चाचणीत हॅरिस तीन अंकांनी पुढे होत्या. ट्रम्प तिथे तेरा अंकांनी जिंकले. ती चाचणी मतदानाच्या तीन दिवस आधी आली आणि ते तीन दिवस हॅरिस यांचे समर्थक तिच्यावरच जगले.

मोजणीच्या बाबतीत भारतीय वाचकाची एक वेगळी अडचण होते. आपल्याला निवडणूक आयोगाची सवय. एकच यंत्रणा, एकच संकेतस्थळ, एकाच दिवशी निकाल. अमेरिकेत त्या रात्री देशाचा निकाल जाहीर करणारी अशी सरकारी संस्था नाही. प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने मोजते आणि कोण जिंकले हे वृत्तसंस्था सांगतात. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. २०२० मध्ये कोविडमुळे टपाली मते प्रचंड आली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार ती पाकिटे मतदानाच्या दिवशी सकाळी सातपूर्वी उघडता येत नव्हती. टपालाने मत देणारे बहुसंख्य डेमोक्रॅट, प्रत्यक्ष केंद्रावर जाणारे बहुसंख्य रिपब्लिकन. म्हणून आघाडी पहिल्या रात्री ट्रम्प यांची दिसणार आणि पुढे घसरत जाणार, हे जाणकारांनी कित्येक आठवडे आधी लिहून ठेवले होते. ज्यांनी ते वाचले होते त्यांना चार दिवस कंटाळवाणे गेले. ज्यांनी वाचले नव्हते त्यांना डोळ्यांदेखत चोरी दिसली. निवडणुकीचा कायदा हा बातमीतला सर्वांत रुक्ष भाग असतो आणि अफवा नेमकी तिथेच रुजते.

आता उमेदवार. जाहीरनामे वाचून त्याला जोखायचे म्हटले तर इतिहास फारसा धीर देत नाही. वुड्रो विल्सन १९१६ मध्ये देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या प्रचारावर पुन्हा निवडून आले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पक्षाने सरकारी खर्चात २५ टक्के कपातीचे वचन दिले होते आणि पुढे आली ती मोठ्या सरकारी खर्चाची ‘न्यू डील’. लिंडन जॉन्सन १९६४ मध्ये शांततेचे उमेदवार होते, १९६५ च्या मार्चमध्ये मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. धाकट्या जॉर्ज बुश यांनी २००० मधल्या वादचर्चेत परदेशांत राष्ट्रउभारणी करत बसण्याला विरोध केला होता. मग अफगाणिस्तान आणि इराक. हे सगळे लबाड होते असे नाही. अध्यक्षाच्या कारकिर्दीचा मोठा भाग प्रचारात कुणी विचारलेच नाहीत अशा प्रश्नांनी भरतो. तेव्हा पाहायचे ते हे, की अनपेक्षित प्रसंगी हा माणूस पूर्वी कसा वागला, वाईट बातमी घेऊन येणाऱ्या सहकाऱ्याचे त्याने काय केले, कुणाला नेमले आणि ती माणसे टिकली का.

प्रकृती लपवण्याची परंपरा तर जुनीच. विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि पत्नीने व डॉक्टरांनी तो जगापासून झाकून ठेवला. रूझवेल्ट १९४४ मध्ये चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांचे हृदय थकलेले होते. डॉक्टर ठणठणीत असल्याचे सांगत राहिले, आणि शपथविधीनंतर तीन महिन्यांच्या आत ते गेले. केनेडी यांच्या अ‍ॅडिसन रोगाचा १९६० मध्ये साफ इन्कार झाला. आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले आहेत, आठ मृत्यूंमुळे आणि एक निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. तरीही उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची बातमी दोन दिवस चालते आणि नंतर ती विनोदाचा विषय होते.

२०२४ चे चित्र या दृष्टीने विलक्षण होते. ट्रम्प यांचे पहिल्या कारकिर्दीतले उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी आपण त्यांना पाठिंबा देणार नसल्याचे जाहीर केले. माजी चीफ ऑफ स्टाफ जॉन केली त्याहून कितीतरी कडक बोलले. बायडेन यांच्या निकटचे लोक मात्र शेवटपर्यंत गप्प राहिले. एकाच्या जवळची माणसे बोलली तर ती द्वेषाने बोलतात म्हणून सोडून दिली गेली, दुसऱ्याच्या जवळची माणसे गप्प बसली तर ते सगळे आलबेल असल्याचे लक्षण मानले गेले.

आपल्याकडे, म्हणजे पुण्या-मुंबईत, नाशकात, पणजीत, अमेरिकेच्या उमेदवाराला एकच फूटपट्टी लागते: तो भारताचा मित्र आहे का? सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला ‘हाउडी मोदी’ झाले, फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादला ‘नमस्ते ट्रम्प’. त्याच वर्षी जूनमध्ये एच-१बी व्हिसावर नव्याने येणाऱ्यांना ट्रम्प यांनीच वर्षअखेरपर्यंत दार बंद केले. हॅरिस यांच्यासाठी तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम गावात पूजा झाल्या, त्यांच्या आजोबांचे ते गाव म्हणून. वाहिन्यांनी त्या पूजा मन लावून दाखवल्या; त्यांची व्यापारविषयक भूमिका किती मराठी वाचकांना सांगता आली असती, याची मला शंका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले, त्यातला निम्मा भाग रशियन तेल घेतल्याबद्दल. सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क लागले. आयातशुल्कावरचे ट्रम्प यांचे प्रेम १९८० च्या दशकापासून त्यांच्या मुलाखतींत आणि जाहिरातींत नोंदलेले आहे. मैत्रीची छायाचित्रे पाहताना ते वाचायला कुणाला सवड नव्हती.

या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या पुष्कळदा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून. न्यू जर्सीतला भाचा जे लिहितो ते घरात प्रमाण मानले जाते. तो मुद्दाम चुकीचे सांगत नाही. तो त्याच्या खिडकीतून दिसणारे सांगतो. पण नागरिकत्व मिळाले नसेल तर ग्रीन कार्डवर त्याला मतही देता येत नाही, आणि न्यू जर्सी हे गेली तीसहून अधिक वर्षे अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारामागे उभे असलेले राज्य आहे. निकाल ठरवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या एरी परगण्यात लोक काय बोलतात, ते त्याच्याही कानावर येत नाही. तो ते वाचतो, आपल्यासारखेच, त्याला आवडणाऱ्या ठिकाणी.

२०२८ मध्ये घटनेच्या २२व्या दुरुस्तीमुळे ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येणार नाही. दोन्ही पक्षांची जागा मोकळी असेल आणि ज्यांची नावे आज घेतली जातात त्यांतले बरेच जण कुठल्या ना कुठल्या राज्याचे गव्हर्नर आहेत किंवा होते. त्यांनी केलेल्या नेमणुका, दिलेल्या माफ्या, फेटाळलेली विधेयके, पुरात आणि वणव्यात घेतलेले निर्णय त्या राज्यांच्या राजधान्यांत कागदोपत्री नोंदलेले आहेत. ते कागद वाचायला तिथे वृत्तपत्रांनी पूर्णवेळ बसवलेले बातमीदार पूर्वीपेक्षा बरेच कमी उरले आहेत. उमेदवारांच्या चाचण्यांचे आकडे मात्र येऊ लागले आहेत.