पस्तीस डॉलरचा स्मोकर

मंडळी, गराज सेलमध्ये मिळालेल्या वस्तूची किंमत सांगताना आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पोराच्या ग्रॅज्युएशनलाही येत नाही. मीही त्यातलाच. तेव्हा किंमत आधीच सांगतो : ३५ डॉलर. नेपरव्हिलला आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा घर विकून फ्लोरिडाला निघाले होते. त्यांच्या ड्राइव्हवेवर कोपऱ्यात हा उभा होता. वेबरचा 'स्मोकी माउंटन', म्हणजे कमरेएवढं काळं पिंप. खाली कोळसा, मधे पाण्याचं भांडं, त्यावर दोन जाळ्या आणि वर घुमटासारखं झाकण. १९८१ पासून हे मॉडेल निघतंय आणि आकार फारसा बदललेला नाही. वेबर आमच्या शिकागोचीच. १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन या गृहस्थांनी धातूचा बोया मधोमध कापून झाकणाची पहिली शेगडी केली, ती इथलीच गोष्ट.

"अहो, गंजलाय तो," सौ. म्हणाली. मी म्हटलं, "गंज निघतो गं." इथपर्यंत माझं बरोबर होतं.

जुना स्मोकर घ्यावा की नाही, असं मला मंडळात बरेच जण विचारतात. माझं मत, जरूर घ्यावा. जाड पत्र्यावर भाजलेलं एनॅमल सहजासहजी मरत नाही आणि सुटे भाग अजून मिळतात. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबत असले तर रंग उडाला समजून घाबरू नका. आत रंग नसतोच, ती वर्षानुवर्षांची जळकी चरबी आणि काजळी असते. बोथट उलथन्याने खरवडायची, साबणाच्या कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवायचं, झालं. पाहायचं ते तळ. आधीच्या मालकाने राख तशीच ठेवली असेल आणि पाऊस आत गेला असेल, तर ओली राख पत्रा खाते. तळाला बोटाने दाबून पाहा. दबला किंवा भोक पडलं, तर फुकट दिला तरी नको. माझ्याचा तळ शाबूत होता. एक पाय वाकडा होता आणि कोळसा घालायचं दार नीट बसत नव्हतं. ते गुडघ्यावर धरून हळूहळू वाकवलं.

गंज स्टील वूलने काढला. बाहेरून जिथे पत्रा उघडा पडला होता तिथे उष्णता सोसणारा रंग मारला. आतून मात्र रंगाचा थेंबही नको. आत तेलाचा हात फिरवायचा आणि एकदा रिकामाच तापवायचा, आपण बिडाचा तवा तयार करतो तसा.

जाळ्या गेल्या होत्या. इथे माझ्यातला काटकसरी मराठी माणूस जागा झाला. तळघरात जुन्या फ्रिजच्या जाळ्या पडून होत्या, मापाला अगदी जवळ. सुदैवाने एका मित्राने वेळीच थांबवलं. जुन्या फ्रिजच्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तो तापला की विषारी, आणि अशा जाळीवर भाजलेलं खाऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. कोळशाखाली जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको, तापलेल्या जस्ताच्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. लाकडाचंही तसंच. डेक मोडताना निघालेले तुकडे फुकट आहेत म्हणून जाळू नका. २००३ अखेरपर्यंत घरगुती कामाच्या लाकडाला आर्सेनिकयुक्त औषध सर्रास लावलेलं असे. सफरचंदाचं किंवा हिकरीचं लाकूड पिशवीत मिळतं, ते आणा. आणि जाळी घासायला तारेचा ब्रश नको. त्याची तुटकी तार पदार्थातून पोटात जाऊन ऑपरेशनं करावी लागल्याचा अहवाल सीडीसीने २०१२ मध्येच छापला होता.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. चूक केली ती भलतीकडेच.

तीन वर्षांपूर्वीची ऑक्टोबरमधली शनिवारची दुपार. रिकामा तापवायला भरपूर कोळसा पेटवला आणि पाऊस भुरभुरू लागला. ताजा रंग भिजेल म्हणून स्मोकर ढकलत गराजमध्ये घेतला. मोठं दार अर्धं उघडं ठेवलं आणि धूर जाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. कोळसा फुलून लाल झाला, धूर संपला. मी निर्धास्तपणे आत जाऊन चहा टाकला.

हे मला कुणी शिकवलं? आमच्या गिरगावातल्या चाळीने. आई रोज पहाटे शेगडी गॅलरीत पेटवायची, पुठ्ठ्याने वारा घालायची, आणि निखारे फुलून धूर गेला की आत आणायची. धूर म्हणजे त्रास आणि धूर गेला की शेगडी घरात घेण्याजोगी, हे गणित आपल्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची चुरचुर नाही. लालबुंद, बिनधुराचा निखाराही तो वायू सोडतच असतो, अगदी विझेपर्यंत. चाळीत आम्ही तरलो ते शहाणपणामुळे नव्हे. दारं-खिडक्या दिवसभर सताड उघडी असत आणि फटी भरपूर. इथलं घर हिवाळ्यासाठी बांधलेलं, चहूबाजूंनी बंद, आणि गराजचं दार थेट स्वयंपाकघरात उघडणारं.

गराजच्या वरच्या खोलीत पुण्याहून आलेली आई दुपारची झोपली होती. वय ८१.

चाळीस-पन्नास मिनिटांनी वरच्या मजल्यावरचा अलार्म ओरडू लागला. सौ.चं डोकं आधीपासूनच दुखत होतं, तिने ते पावसावर ढकललं होतं. आईला उठवलं, तर तिला मळमळत होतं आणि उठायची तयारी नव्हती. "अरे, धूर कुठाय? उगाच कशाला बाहेर नेतोस?" आम्ही तिला अक्षरशः उचलून पावसात नेलं आणि ९११ ला फोन केला. ते येईपर्यंत मी कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र आणून तिचा ऑक्सिजन पाहिला. ९८. मला हायसं वाटलं. आलेल्या फायरमनने ते यंत्र शांतपणे बाजूला ठेवलं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतो, आणि त्या बोटावरच्या यंत्राला दोहोंतला फरक कळत नाही. आकडा छान दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. खरं काय ते रक्ततपासणीतच कळतं. आईला इस्पितळात नेलं, मास्क लावून ऑक्सिजन दिला, रात्री उशिरा घरी सोडलं. ती ठीक आहे. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

अमेरिकेत आगीशिवाय, निव्वळ अशा अपघाती वायुबाधेने दरवर्षी ४०० हून अधिक माणसं जातात. इलिनॉयमध्ये झोपायच्या खोल्यांजवळ हा अलार्म लावणं २००७ पासून कायद्याने सक्तीचं आहे. आमच्याकडे होता तो त्या कायद्यामुळेच, माझ्या दूरदृष्टीमुळे नव्हे. आज घरी गेल्यावर तुमचा अलार्म उतरवून मागची तारीख पाहा. त्याचंही आयुष्य पाच ते दहा वर्षांचंच असतं. आणि कोळसा गराजमध्ये कधीच नाही. दार पूर्ण उघडं असलं तरी नाही, वादळात वीज गेली आणि घर गार पडलं तरी नाही. अपार्टमेंटवाल्यांनी पेटवण्याआधी लीज वाचावं. बऱ्याच ठिकाणच्या फायर कोडप्रमाणे लाकडी बाल्कनीत, किंवा इमारतीपासून १० फुटांच्या आत, कोळसा चालत नाही.

आता हिशेब, कारण हे पान पैशांचंही आहे. स्मोकर ३५, जाळ्या ५८, दोन सुयांचा थर्मामीटर ४५, रंग आणि स्टील वूल १९, बोल्ट ६, हातमोजे २२. एकूण १८५. त्यात गराजच्या दाराजवळ लावलेला जादा अलार्म ३०, आणि आईच्या व्हिजिटर इन्शुरन्सचं डिडक्टिबल २५०. झाले ४६५ डॉलर. एवढ्यात जवळजवळ नवा कोरा आला असता. आईवडिलांना बोलावताना जे हा विमा "दोन महिन्यांसाठी कशाला" म्हणून टाळतात, त्यांना सांगतो, डिडक्टिबलच्या वरचं बिल मी इथे छापणार नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. जुनाच घ्या, पण १८५ चा धरून घ्या, ३५ चा नव्हे. थर्मामीटरवर काटकसर नको. झाकणावरचा काटा झाकणापाशीची उष्णता दाखवतो, मांसाच्या पोटातली नाही. चिकन आतून १६५ फॅरनहाइट झालं पाहिजे, मग वरून कितीही लाल दिसो. आणि दर शनिवारी ब्रिस्केट नको. सॉसेज-बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाने कॅन्सर होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये दिला आणि लाल मांसाला 'बहुधा होतो'च्या यादीत टाकलं. धूरही काही औषध नव्हे. आमच्याकडे महिन्यातून एकदा पेटतो, आणि त्यात वांगी, कणसं, पनीर यांचा वाटा मोठा.

स्मोकर आता घरापासून पंधरा फुटांवर, फरशीवर उभा असतो. पाऊस आला तर भिजतो. पुण्याहून फोन आला की आईचा पहिला प्रश्न, "ती शेगडी बाहेरच आहे ना रे?"

येत्या पिकनिकला भरितासाठी वीस वांगी धूर देऊन मी आणीन. सोलायला कुणीतरी लवकर या.