कासव घरात ठेवणं म्हणजे जीवदया नव्हे



गेल्या वर्षभरात आपल्याच माणसांच्या तीन घरांत मी कासव पाहिलं. एक बाल्कनीतल्या टबात, एक दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत आणि एक चक्क देवघराशेजारी पितळी परातीत. तिन्ही घरांत मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, "आम्ही पाळलं नाही हो, वाचवलंय."

आज मला या 'वाचवलंय'बद्दलच बोलायचं आहे. वास्तूसाठी किंवा पैसा टिकावा म्हणून कासव ठेवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो सरळ लोभ आहे. पण जीवदयेच्या नावाने जे चाललंय, त्यावर आपण बायकांनीच बोलायला हवं. घरात काय येणार आणि कोण काय खाणार, हे शेवटी आपणच ठरवतो.

पहिला प्रश्न, कासव आलं कुठून? बहुतेक वेळा उत्तर असतं, "दुकानात फार वाईट अवस्थेत होतं, बघवेना, म्हणून पैसे देऊन सोडवलं." कसायाच्या हातून जीव सोडवण्याची आपली जुनी रीत आहे, म्हणून हे ऐकायला पुण्याचं वाटतं. पण दुकानदाराच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या लेखी कासव सुटलेलं नाही, ते विकलं गेलंय. रिकाम्या जागेत तो पुढच्या आठवड्यात दुसरं आणून ठेवतो, जमलं तर दोन आणतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या देशातल्या एकाच व्यापारकेंद्राभोवतीच्या रानांतून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं पकडली जातात असं दिसलं होतं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर, आंध्र-तमिळनाडूच्या झुडपी रानात आणि श्रीलंकेत राहतं. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन कच्छप'मध्ये नागपूर, भोपाळ आणि चेन्नईत मिळून कासवांची ९५५ जिवंत पिल्लं पकडली. ती गंगेच्या खोऱ्यातली होती. ही पिल्लं कोणासाठी निघाली होती? कोणीतरी विकत घेणारं आहे म्हणूनच ना! वाटेत मेलेल्यांचा हिशेब आपल्या पावतीवर येत नाही, एवढंच.

दुसरा प्रश्न, ते घरात सुखात आहे हे कशावरून? "खातंय की छान," असं सांगतात. काय खातंय? दूध-पोळी, भात, ब्रेड. स्टार कासवाचा आहार म्हणजे गवत, पाला, फुलं आणि कधी गळून पडलेलं फळ. त्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं आणि अंगावर थेट ऊन लागतं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण उन्हातला जो भाग हाडं घट्ट करतो तो काचेत अडतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तळहाताएवढं एक स्टार कासव कोणीतरी ठेवून गेलं. वनविभागाची गाडी सकाळी येणार होती, म्हणून ते रात्रभर माझ्याकडे होतं. त्याची पाठ बोटाखाली सादळलेल्या पापडासारखी दबत होती. मागचे पाय उचलले जात नव्हते, ते पोटावर फरफटत होतं. नंतर कळलं की एका घरात ते दोन वर्षं होतं आणि रोज दूध-पोळीवर वाढवलं होतं. त्या घरात कोणीही क्रूर नाही. सगळे अष्टमी-चतुर्दशीचा उपवास करणारे, पाणी गाळून पिणारे. मला भीती वाटते ती याच गोष्टीची. कासव ओरडत नाही, रडत नाही. त्याचे हाल आपल्या कानांवर पडत नाहीत, म्हणून आपण त्याला सुखी समजतो.

आता आपल्या शास्त्राकडे या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण स्वाध्यायात वाचतो. तत्त्वार्थसूत्रात त्यातला पहिला आहे बंध आणि शेवटचा अन्नपाननिरोध. बंध म्हणजे नुसतं दावणीला बांधणं नव्हे, जिवाला त्याच्या इच्छेच्या जागी जाण्यापासून अडवणं म्हणजे बंध. रानात फिरणारा जीव दोन फुटांच्या टबात ठेवला, तर तो बंध नाही तर काय? आणि ज्याला गवत हवं त्याच्यापुढे पोळी ठेवली, तर पोट भरलेलं दिसलं तरी तो अन्नपाननिरोधच आहे. "पण आमची भावना चांगली होती," असं म्हणून हे दोष पुसले जात नाहीत. भावना चांगली असेल तर यत्नाचारही हवा. तांदूळ निवडताना जेवढं डोळ्यांत तेल घालून बघतो, तेवढं इथे का बघत नाही?

कोणी म्हणेल, आपल्या विसाव्या तीर्थंकरांचं, मुनिसुव्रतनाथांचं लांछनच कासव आहे, मग घरात असलं तर काय बिघडलं? अहो, महावीरांचं लांछन सिंह आहे आणि पार्श्वनाथांचं सर्प. ते आपण घरात आणून ठेवतो का? पैठणला जाऊन मुनिसुव्रतनाथांचं दर्शन घ्यावं. लांछन मूर्तीच्या पायाशी शोभतं.

पाण्यात राहणाऱ्या, कानामागे लाल पट्टा असलेल्या विदेशी कासवांचा, स्लायडरांचा, प्रश्न आणखी वेगळा आहे. नाण्याएवढं पिल्लू म्हणून ते घरात येतं, ताटलीएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षंसुद्धा जगतं. त्याची पिल्लं मुख्यतः किडे, मासळी असं खातात. आपल्या स्वयंपाकघरात हे कोण आणणार? एका वहिनींनी अभिमानाने सांगितलं, "आम्ही त्याला शाकाहारी केलंय." मला ऐकवेना. व्रत आपलं आहे, त्याचं नाही. ज्याचा आहार आपल्या घरात शिजू शकत नाही, त्याला घरात आणायचंच नाही. आपल्याला एवढं तर नक्कीच करता येईल.

मग कंटाळा आला की हेच कासव मंदिराच्या तलावात 'मुक्त' केलं जातं, वर फोटोही काढले जातात. स्लायडर तलावात गेलं की तिथल्या मूळच्या कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. स्टार कासव तर जमिनीवरचं, त्याला पोहता येत नाही, ते बुडतं. गाळलेल्या पाण्यातले जीव आपण कुठे सोडतो, आठवा. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. दुसऱ्या पाण्यात ते जगणार नाहीत, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी एवढी काळजी, आणि हातभर दिसणाऱ्या पंचेंद्रिय जिवाला मात्र दिसेल त्या पाण्यात सोडायचं?

कायदाही सांगून ठेवते, कारण तो बऱ्याच जणींना माहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते बाळगल्याबद्दल तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 'वाचवलं होतं' हा बचाव नाही. वन्यजीव हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

"वनविभागाकडे दिलं की तिथे मरतं," हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो. तो पूर्ण खोटा नाही. जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्रांत जागा कमी पडते, सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर थोडे, औषधांना पैसा अपुरा. मग त्याला उत्तर म्हणून कासव आपल्या बाल्कनीत ठेवायचं की ते केंद्र सुधारायचं? दसलक्षणात आपल्याकडे बोल्या लागतात, जीवदयेच्या फंडात रक्कम जमते. गोशाळेला जाते, कबुतरांच्या दाण्याला जाते. त्यातला थोडा भाग उपचार केंद्राच्या एक्स-रेला, ऊन देणाऱ्या दिव्यांना, कुंपण घातलेल्या गवताच्या आवाराला जायला काय हरकत आहे? यंदाच्या सभेत हा विषय बायकांनीच मांडावा. ट्रस्टी पुरुष आहेत म्हणून गप्प बसू नये.

आणि खरंच कासव सापडलं तर? रस्ता ओलांडत असेल तर ज्या दिशेला तोंड आहे त्याच बाजूला अलगद नेऊन ठेवा, लांब कुठे नेऊ नका. जखमी असेल किंवा शहरात भरकटलं असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या कापडावर, अंधारात ठेवा. पाण्यात टाकू नका, खायला देऊ नका, मुलांच्या हातात देऊ नका. कुठे सापडलं ती जागा लिहून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाडी येईपर्यंतचे काही तास, फार तर एक रात्र, एवढाच आपला पाहुणचार. त्याला नाव ठेवलंत की ते देणं जड जातं, म्हणून नावसुद्धा ठेवू नका.

आपण अपरिग्रह म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सोनं, साड्या आणि फ्लॅट येतात. 'माझं कासव' हाही परिग्रहच. अभयदान देणाऱ्याने दान दिल्यावर ती वस्तू स्वतःच्या कपाटात ठेवायची नसते.

माझ्या बोलण्याने कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण घरात टब असेल तर तो फोन आजच करा.