मिस्तरी कधी येणार?

खांद्याला पिशवी, पिशवीत थापी, गुण्या, रबरी हातोडा, दोरी आणि पाण्याच्या लेव्हलची नळी. अशी ती दारात उभी राहते, आणि घरातली बाई तिच्या मागे रस्त्याकडे बघत विचारते, "मिस्तरी कधी येणार?" मीच मिस्तरी, असं तिने सांगितलं की आधी हसू, मग संशय, आणि शेवटी, "आमच्या ह्यांना विचारून सांगते."

तिचं नाव इथे देत नाही. "गिऱ्हाईक जमू द्या, ताई, मग छापा," असं तीच म्हणाली. राहणारी देवळ्याची, वय माझ्याएवढंच, पस्तिशीच्या आसपास. मी एम.एस.डब्ल्यू. होऊन संस्थेत रुजू झाले त्या सुमारास ती लग्न होऊन इथे आली आणि शिवणयंत्रावर बसली. यंत्र संस्थेच्याच योजनेतलं. दहा-अकरा वर्षं तिने ब्लाऊज शिवले, परकर शिवले, फॉल-पिको केलं. आम्ही दर वर्षी नव्या जणींना शिवण शिकवत राहिलो, आणि एकेका आळीत इतकी यंत्रं झाली की शिवणाऱ्या जास्त आणि शिवून घेणाऱ्या कमी. ही गोष्ट आमच्या वार्षिक अहवालात कधी आली नाही. तिथे प्रशिक्षणार्थींचा आकडा येई, आणि तो दर वर्षी वाढलेला असे.

आमच्या कसमादे भागात कांद्याला, डाळिंबाला बरा भाव मिळाला की त्या वर्षी घरं उठतात. पूर्वी घरातली जमीन शेणाने सारवलेली असे. ती कोण सारवायचं हे आपल्याला कुणी सांगायला नको. बायकाच जमीन उकरायच्या, चोपायच्या, उंचसखल हाताने ओळखायच्या, पाणी कुठे साचतं ते बघून ढाळ द्यायच्या. या कौशल्याला कुणी कौशल्य म्हटलं नाही, मग मजुरी कुठली द्यायला! पुढे शहाबादी आली, मग गुजरातेतल्या मोरबीची चकचकीत टाइल आली, जमिनीला चौरस फुटाचा दर आला आणि बघता बघता जमीन करणं हे पुरुषाचं काम ठरलं. आज इथे फरशीकामाला राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून कारागीर येतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. घरदार सोडून आलेले तेही कष्टकरीच. पण गावातली बाई त्यांच्या हाताखाली पाट्या उचलते, हे मात्र बघायला हवं.

तीही तशीच गेली. शिवणाचं काम आटल्यावर तीन वर्षं एका मिस्तरीच्या हाताखाली हेल्पर. माल कालवायचा, टाइलांची खोकी जिन्याने वर न्यायची, भिंतीच्या टाइला भिजत घालायच्या, संध्याकाळी सांधे पुसायचे. फरशीकाम बाईला झेपणार नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे उभं राहून पाहावं. जे खरोखर वजनाचं आहे ते सगळं बाईच करत असते. मिस्तरी उकिडवा बसून दोरी बघतो, टाइल टेकवतो, हातोड्याने ठोकतो. बाईला न झेपणारं असं त्यात एकच आहे, ते म्हणजे त्याचा दर.

शिकली ती बघून. मापून मगच कापायचं, हे शिवणामुळे अंगात होतंच. खोलीच्या मध्यातून आखणी सुरू करायची, म्हणजे कापलेले तुकडे दाराशी न येता कडेला जातात. बाथरूमचा ढाळ जाळीकडे हवा, नाहीतर पाणी उंबऱ्यावरून घरात. बसवलेली टाइल बोटाने वाजवायची. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही, काढून पुन्हा बसवायची. मिस्तरी जेवायला गेला की ती दोन-चार टाइला बसवून ठेवी. त्याने काढल्या नाहीत. हळूहळू तोच तिला कोपरे देऊ लागला. हजेरी मात्र हेल्परचीच, त्याच्या निम्मी.

समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्या देशात १९७६ साली आला. त्यातून सुटायची वाट साधी आहे. बाईचं काम बदलायचं नाही, कामाचं नाव बदलायचं. ती हेल्पर, तो मिस्तरी. मग काम समान कुठे? आणि ती उद्या स्वतःची मुखत्यार होऊन काम घेऊ लागली तर वेतनाचा कायदा तिच्यापर्यंत पोचतच नाही, कारण दर ठरतो घरमालकाशी ओट्यावर बसून.

आता आमची गोष्ट. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे त्या नोंदणीचे अर्ज भरून दिले जात. तिचा अर्ज मी स्वतः भरला. कामाच्या रकान्यात 'हेल्पर' लिहिलं. तिला विचारलंसुद्धा नाही. पुढे संस्थेच्या बैठकीच्या खोलीला नवी फरशी करायची ठरली. आठ मार्चच्या आत हवी म्हणून ठेकेदाराला काम दिलं. कार्यक्रम झाला, भाषणं झाली, मीही बोलले, श्रमाच्या प्रतिष्ठेवर. नंतर कधीतरी पाचकंदीलावर ती भेटली आणि अगदी सहज म्हणाली, "ताई, तुमच्या मीटिंगच्या खोलीतली निम्मी फरशी मी बसवलीय. खिडकीकडची." आम्ही तिच्या फरशीवर बसून स्त्रियांना बिगरपारंपरिक कामं मिळायला हवीत, असा ठराव केला होता.

तेव्हाच ती स्वतंत्र काम घ्यायच्या विचारात होती. कटर मशीन आणि इतर हत्यारांसाठी बचत गटाकडे कर्ज मागितलं. "बाईला कोण काम देणार, हप्ते कुठून येणार?" असं गटातल्याच बायका म्हणाल्या. मी गप्प बसले. शेळीसाठी मागितलं असतं तर त्याच बैठकीत मिळालं असतं. शेवटी कानातलं मोडून तिने मशीन घेतलं.

सरकारी मदत नाही असं नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि राजमिस्त्री त्यातला एक. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीचं कर्ज मिळतं. पण लाभ एका कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. नवऱ्याने सुतार म्हणून नाव घातलं की बायकोच्या हातातली थापी तिथेच संपली. आपल्यापैकी किती जणींनी यावर निवेदन दिलं?

पहिलं काम मिळालं ते एका बाथरूमचं. तिची मामी म्हणून मिळालं. दुसरं एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघराचं. तिसऱ्या ठिकाणी काम बिनतक्रार झालं आणि पैसे देताना घरमालक म्हणाले, "मिस्तरीचा दर कसा लावता? बाईमाणूस तुम्ही." तिने फूटपट्टी पुढे केली, "मोजून घ्या, दादा. फूट बाईचा लहान नसतो." तरी पाचशे रुपये कापलेच.

अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवू नयेत. परक्या घरात दिवसभर एकटीने काम करायचं, म्हणून ती जावेला सोबत नेते. टाइल कोरडी कापली तर सिलिकाची धूळ छातीत जाते आणि ती कायमची, म्हणून पाणी सोडून कापते, तोंडाला फडकं बांधते. फडकं पुरेसं नाही, धुळीसाठीचा मास्क लागतो, हे मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "तो कुठे मिळतो?" मला सांगता आलं नाही. जावेला किती देतेस, असंही मी एकदा विचारलं. "मला मिळायचं तेवढंच, निम्मं." यावर आमचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, शिकू दे आधी. माझं म्हणणं, तुझा मिस्तरीही हेच म्हणायचा. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

हे कुठेच घडलेलं नाही असं नाही. अहमदाबादला 'सेवा'ने बांधकामातल्या बायकांसाठी 'कर्मिका' शाळा काढली ती २००३ मध्ये. झारखंडात शौचालयं बांधताना गवंडीकाम शिकलेल्या बायकांना लोक 'रानी मिस्त्री' म्हणू लागले. नाव बदलण्यात काही असतं ते असं.

आपल्याकडे संस्था आहेत, वसतिगृहं आहेत, समुपदेशन केंद्रं आहेत. प्रत्येकीच्या बाथरूमची फरशी कधी ना कधी उखडते. ते काम कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या बऱ्याचदा आपणच असतो. त्यासाठी ना शासन निर्णय लागतो ना प्रकल्प.

आमच्या मागच्या खोलीची फरशी आता करायची आहे. तिचं दरपत्रक माझ्या टेबलावर आहे, वहीच्या कागदावर, दर बाजारात चालतो तोच. विश्वस्तांपैकी एकांनी (बाईच आहेत) विचारलंय, आपली आहे तर थोडं कमी नाही का करणार? बैठक येत्या शनिवारी आहे. यावेळी मी तिलाही बोलावलं आहे.